पेजेवर जखम भरत नाही

कोकणात माणूस आजारी पडला की आधी पेजेचा टोप चुलीवर चढतो. घरच्या कुत्र्याचं ऑपरेशन झालं की त्याच्याही वाट्याला तीच पेज येते, फार तर वरून थोडं दूध. यामागची माया खरी आहे, पण हिशेब मांडून पाहा. १५ किलोच्या कुत्र्याला दिवसभरात लिटरभर पातळ पेज पाजली, तर तीत साधारण ६० ग्रॅम तांदूळ असतो. म्हणजे २१० कॅलरी आणि चारेक ग्रॅम प्रथिनं. त्याच कुत्र्याला नुसतं पडून राहायलाही दिवसाला ५२० कॅलरी लागतात. जखम भरून यायची तर ४०-५० ग्रॅम प्रथिनं पोटात गेलेली बरी. तूट शरीर कुठून भरून काढणार? स्वतःच्या मांसातून. मग आठवड्याभरात पाठीचे मणके हाताला लागतात, मांड्या उतरतात आणि टाक्यांची कड ओलसरच राहते.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या पट्ट्यात ऑपरेशन झालेली कुत्री सांभाळताना आम्ही काय करतो, ते इथे लिहितो आहोत. हे एरवी निरोगी असलेल्या मोठ्या, म्हणजे पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्यासाठी आहे. मूत्रपिंड, यकृत, स्वादुपिंड किंवा मधुमेह यांपैकी काही असेल तर आहार डॉक्टरांनीच ठरवायचा. इन्शुलिन चालू असलेल्या कुत्र्यानं जेवण सोडलं, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करायचाच.

घाट उतरेपर्यंत काही नको

मोठ्या ऑपरेशनसाठी इथली बरीच माणसं कोल्हापूर गाठतात. परतताना आंबा, करूळ किंवा आंबोलीसारखा एखादा घाट उतरावाच लागतो. भुलीमुळे आधीच मळमळत असतं, त्यात वळणं. "सकाळपासून उपाशी आहे बिचारा" म्हणून गाडीत बिस्किटं दिली तर ती घाटात बाहेर येतात. अर्धवट गुंगीतल्या कुत्र्याला उलटी झाली की ती श्वासनलिकेत उतरायची भीती असते, आणि त्यातून होणारा न्यूमोनिया ऑपरेशनपेक्षा महागात पडतो. तेव्हा गाडीत अन्न नाही, पाणीही नाही. डोकं शरीराच्या पातळीत राहील असं निजवायचं आणि मान दुमडलेली नाही ना, एवढं बघत राहायचं.

लहान पिल्लांची गोष्ट वेगळी. त्यांची साखर पटकन उतरते. पिल्लू थरथरायला लागलं किंवा हाक मारून डोळे उघडेना, तर बोटानं हिरड्यांना साखरेचं पाणी चोळायचं आणि जवळचा दवाखाना गाठायचा. पिल्लाला किती वेळ उपाशी ठेवायचं, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावं.

पहिली रात्र

घरी आल्यावर कुत्रा स्वतःहून उठून उभा राहिला, चालताना झोकांड्या जात नाहीत आणि डोकं धरून ठेवतोय, असं दिसल्यावर पाणी. पूर्ण भांडं पुढे ठेवू नका. तहानलेला कुत्रा ते एका दमात संपवतो आणि ओकून टाकतो. अर्धी वाटी द्या, अर्धा तास थांबा, पोटात राहिलं तर आणखी अर्धी वाटी. पुढे दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिली पाणी लागतं, म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याला ७५० ते ९०० मिली. ओल्या जेवणातलं पाणीही यात धरायचं. मे महिन्यातल्या दमट उकाड्यात थोडं जास्तच.

शहाळ्याचं पाणी चार चमचे चालेल, पण ते सलाईनची जागा घेत नाही. त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असतं. उलट्या-जुलाबात शरीरातून जे जातं ते त्यानं भरून येत नाही.

पाणी टिकल्यावर तासाभरानं नेहमीच्या जेवणाचा चौथा हिस्सा, फार तर निम्मं जेवण. नसबंदीसारख्या ऑपरेशननंतर त्या रात्री एवढं पुरतं. एखादी उलटी झाली तर चार-सहा तास पोटाला विश्रांती देऊन पुन्हा थोडंसं द्यायचं. दुसऱ्यांदा झाली, तर वाट न पाहता फोन करायचा.

वजन, वाटी आणि हिशेब

अंदाजपंचे काम इथे चालत नाही. आधी कुत्र्याचं वजन घ्या. घरात काजू किंवा आंब्याच्या पेट्या मोजायचा काटा असेल तर त्यावर, नाहीतर त्याला उचलून वजनकाट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. किलोतल्या वजनाला ३० नं गुणून ७० मिळवले की विश्रांतीला लागणाऱ्या कॅलरी येतात. १० किलोला ३७०, १५ ला ५२०, २० ला ६७०. दोन ते ४५ किलोच्या कुत्र्यांना हे गणित बऱ्यापैकी लागू पडतं. बांधून ठेवलेल्या, हिंडणं-फिरणं बंद असलेल्या कुत्र्याला सुरुवातीला एवढंच द्यायचं. "लवकर बरा व्हावा" म्हणून दुप्पट चारलं तर जुलाब लागतात आणि पाय मोडलेल्याचं वजन वाढून हाडाला बसवलेल्या प्लेटीवर भार येतो.

१५ किलोच्या कुत्र्याचं दिवसाचं जेवण आम्ही असं करतो: शिजवलेलं, कातडी आणि हाडं काढलेलं चिकन १५० ग्रॅम (कच्चं घेताना २०० ग्रॅमच्या आसपास), शिजलेला मऊ भात १८० ग्रॅम, उकडून कुस्करलेला लाल भोपळा दोन मोठे चमचे आणि छोटा चमचाभर तेल. याच्या जवळजवळ ५२५ कॅलरी होतात आणि प्रथिनं ५० ग्रॅम. दिवसातून चार वेळा विभागून. पेज सोडायची नसेल तर सोडू नका. याच भाताचा गुरगुट्या भात करा, वरची निवळ त्यातच राहू दे, फक्त त्यात चिकन पडलं पाहिजे.

चिकन साध्या पाण्यात उकडायचं. मीठ, मसाला, आलं-लसूण काही नाही. चिमूटभर हळदीनं बिघडत नाही, पण तिच्यानं जखम लवकर भरेल अशी आशाही धरू नये. आणि टाक्यांवर तर ती मुळीच लावू नये. उकडलेलं पाणी गार झालं की वर चरबीचा थर जमतो तो काढून टाका आणि खालचं पाणी भात मऊ करायला वापरा. हा थर काढणं फार महत्त्वाचं. चरबीचा एकदम मारा झाला की काही कुत्र्यांचं स्वादुपिंड सुजतं. मग पोटात कळा, उलट्या आणि पुन्हा सलाईन. साय, मटणाची चरबी, कोंबडीची कातडी, नारळाचा रस, सगळं याच कारणासाठी बंद.

अंडं उकडूनच द्यायचं. कॅलरीच्या हिशेबानं एक अंडं म्हणजे ५० ग्रॅम चिकन, पण प्रथिनं निम्म्याहूनही कमी. त्यामुळे नुसत्या अंड्यांवर भागवू नये, जोडीला घ्यावं. शाकाहारी घरात साय काढलेल्या दुधाचं घरी फाडलेलं पनीर, अगदी मऊ शिजवलेली मूगडाळ आणि बिनमिठाचं दही, असं जमवता येतं. दूध मात्र नको. मोठ्या कुत्र्यांना ते बहुधा पचत नाही, आणि टाक्यांच्या पोटावर जुलाबाचा ताण कशाला?

चिकन-भात हा पूर्ण आहार नव्हे. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. मोठ्या कुत्र्याला दोन आठवडे चालून जातं. त्यापुढे न्यायचं असेल किंवा पिल्लू असेल, तर डॉक्टरांकडून जोड ठरवून घ्यावी. हाड मोडलंय म्हणून मनानंच कॅल्शियमच्या गोळ्या चारू नयेत.

मासा द्यायचा तर

दारात मासळीवाली येते, तेव्हा मासा द्यायचा मोह होणारच. द्यायला हरकतही नाही. पांढऱ्या मांसाचा मासा पचायला हलका, १०० ग्रॅममध्ये वीसेक ग्रॅम प्रथिनं आणि शंभराच्या आसपास कॅलरी. १५० ग्रॅम चिकनच्या जागी २०० ग्रॅम मासा धरायचा आणि कमी पडलेल्या कॅलरी भातानं भरायच्या.

अडचण काट्यांची. सुरमई किंवा घोळीची जाड तुकडी घ्या, कारण तिचा काटा मोठा आणि हाताला लागणारा असतो. तुकडी वाफवून स्टीलच्या ताटात पसरा. मधला काटा उचला, मग मांसाच्या पाकळ्या एकेक सुट्या करून अंगठा आणि तर्जनीत दाबत जा. डोळ्याला न दिसणारा काटा बोटाला टोचतो. ताटात सरकवताना काटा "खर्र" वाजतो, म्हणून प्लास्टिकपेक्षा स्टीलचं ताट बरं. दोनशे ग्रॅमला दहा मिनिटं जातात. तेवढा वेळ नसेल त्या दिवशी मासा देऊच नका. तारली, पेडवे, मांदेली यांचे काटे केसासारखे असतात. ऑपरेशननंतर त्यांच्या वाटेला जायचं नाही. मोरीत तसे काटे नाहीत, फक्त कूर्चा. पण शार्कच्या जातीत पारा साठतो, त्यामुळे कधीतरी एखाद्या वेळी, रोज नाही. बांगडा तेलकट असतो आणि बर्फाविना उन्हात राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, जे शिजवूनही जात नाही.

कालवणातला मासा धुऊन घालणं हा इथला नेहमीचा उपाय, आणि नेमका तोच टाळायला हवा. वाटणातला कांदा-लसूण माशात मुरलेला असतो, धुऊन निघत नाही. कांदा-लसणानं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि ऑपरेशनात रक्त गेलेल्या कुत्र्याला तेवढंच पुरे होतं. सुके बोंबील, खारवलेला बांगडा, सुकट यांच्या वासानं कुत्रा लगेच तोंड लावतो. पण खाऱ्या मासळीतलं मीठ त्याच्या अंगाला फार होतं.

१ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात ताजा समुद्री मासा मिळणं कठीणच. तेव्हा चिकन आणि अंडी. बर्फातला जुना मासा घेण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

खात नाही, तेव्हा

सर्वांत जास्त घालमेल इथेच होते. आधी नीट बघा, तो *कसा* खात नाही. भांडं पुढे आलं की तोंड फिरवतो, ओठ चाटतो, लाळ गळते, तर मळमळ आहे. त्यावर डॉक्टरांकडे चांगली औषधं असतात. आग्रह करून उपयोग नाही. उलट त्या अन्नाचीच त्याला शिसारी बसते आणि पुढे बरा झाल्यावरही तो ते खात नाही. उत्सुकतेनं भांड्याकडे येतो, मान खाली घालतो आणि थबकतो, तर दुखतंय. वेदनेचं औषध पुरत नाही, हे डॉक्टरांना सांगा. दोन्ही नाही, नुसताच भांड्याभोवती घुटमळतो, तर बहुतेक वेळा अडचण, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेल्या कोनाची असते.

प्लास्टिकच्या कोनाची कड आधी जमिनीला टेकते आणि तोंड अन्नापर्यंत पोचतच नाही. नेहमीचा रुंद तसराळा काढून ठेवा. कोनाच्या आत मावेल असं अरुंद, उंच कडांचं भांडं घ्या आणि ते पाटावर किंवा चिऱ्यावर ठेवा. छातीच्या उंचीला आलं की झालं. समोर बसणार असाल तर जेवणापुरता कोन काढायलाही हरकत नाही. शेवटचा घास गिळताच परत घालायचा, कारण टाके चाटायला त्याला काही सेकंदच लागतात. जेवण झाल्यावर कोनाची आतली बाजू आणि हनुवटी ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करा. सांडलेल्या भाताच्या पाण्यावर माशा येतात आणि इथल्या हवेत जखमेत अळ्या पडायला एक दिवससुद्धा लागत नाही.

अन्न कोमट हवं, कुत्र्याच्या अंगाइतकं, म्हणजे ३८ अंशांच्या आसपास. फ्रिजमधली वाटी गरम पाण्याच्या टोपात दहा मिनिटं ठेवली की वास सुटतो आणि नाक काम करू लागतं. वीस मिनिटांत खाल्लं नाही तर उचलून घ्या. मनगटावरून वास द्या, हातानं एक घास द्या, तेवढंच. मोठा कुत्रा २४ तासांत काहीच खात नसेल तर डॉक्टरांना कळवायचं, ४८ तासांवर तर कोणत्याही परिस्थितीत जाऊ द्यायचं नाही.

सिरिंजनं भरवायची वेळ आली तर सुईविना २० मिलीची सिरिंज घ्या. सुळ्याच्या मागे, गालाच्या आतून, एका वेळी दोन-तीन मिली. डोकं सरळ, वर उचललेलं नको. गिळल्याचं गळ्यावर दिसल्याशिवाय पुढचं नाही. गुंगीत असलेल्या किंवा सतत ओकणाऱ्या कुत्र्याला असं भरवू नये.

रस्त्यावरचं, आधीच अनेक दिवस उपाशी असलेलं कुत्रं असेल तर उलटी काळजी. ते मिळेल तेवढं गिळतं. पहिल्या दिवशी हिशेबाच्या फक्त पाव ते एक तृतीयांश द्या आणि तीन-चार दिवसांत पुऱ्यावर आणा. उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फरस कोसळतं, आणि खाऊ लागलेलं कुत्रं हातचं जातं.

गोळ्या आणि जेवण

मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेनसारखी वेदनाशामकं पोटात अन्न असतानाच. कुत्रा जेवला नाही किंवा ओकला, तर डोस देण्याआधी विचारायचं. शी डांबरासारखी काळी आणि चिकट झाली तर औषध थांबवून तडक फोन, कारण तो आतड्यातला रक्तस्राव असू शकतो. माणसांचं पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक घरातून काढून देऊ नका.

पँटोप्रॅझोल उपाशीपोटी, जेवणाआधी अर्धा तास. सुक्राल्फेटही उपाशीपोटी, आणि इतर गोळ्यांपासून दोन तास लांब, नाहीतर ते त्यांना शोषू देत नाही. गोचीडतापासाठी डॉक्सीसायक्लिन चालू असेल तर ते दह्यात लपवायचं नाही; कॅल्शियम त्याला बांधून ठेवतं. ते अन्नाबरोबर द्यायचं आणि वर थोडं पाणी पाजायचं, कारण कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण पडतो.

कडू गोळी मुख्य जेवणात कुस्करू नये. मेट्रोनिडॅझोलची चव एकदा भाताला लागली की तो भातच नाकारतो. चिकनच्या तीन छोट्या गोळ्या करा: पहिली रिकामी, दुसरीत औषध, तिसरी लगेच नाकासमोर. तिसरीच्या घाईत दुसरी गिळली जाते.

ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस शी झाली नाही तर घाबरू नका. पोट रिकामं होतं आणि भुलीच्या औषधांनी आतडं मंदावलेलं असतं. भोपळा त्यासाठीच. चार दिवस उलटले किंवा जोर करूनही होत नसेल, तर दाखवायचं.

पोट उघडलेलं असेल तर

मे महिन्यात इथे आतड्यात अडकलेल्या कोयींची ऑपरेशनं होतात. रायवळ आंब्याखाली कुत्रा मोकळा असतो, कोय गुळगुळीत, गिळली जाते आणि लहान आतड्यात रुतते. जेटीवरचे गळ आणि फणसाच्या आठळ्या हेही त्यातलंच. अशा ऑपरेशननंतर "आतडं जुळेपर्यंत उपाशी ठेवा" हा समज चुकीचा आहे. आतड्याच्या आतल्या थराला पोषण बरंचसं आतून जाणाऱ्या अन्नातूनच मिळतं. डॉक्टरांनी हो म्हटलं की १२ ते २४ तासांत सुरू करायचं: पहिल्या दिवशी हिशेबाचा एक तृतीयांश, दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, तिसऱ्या दिवशी पूर्ण. दिवसातून सहा वेळा, मिक्सरमधून काढलेलं, काही चघळावं न लागणारं. मिक्सरचं भांडं वाटणाचं असेल तर गरम पाण्यानं घासून घ्या, झाकणाच्या रबरात कांदा-मिरची बसलेली असते.

दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत डोळ्यांत तेल घालून राहायचं. टाके सुटले तर बहुधा याच दिवसांत सुटतात. कालपर्यंत खाणारा कुत्रा आज तोंड फिरवतो, ओकतो, पोटाला हात लावू देत नाही, अंग तापतं: यांतलं काहीही दिसलं तर रात्र काढू नका, पाऊस असला तरी निघा.

जबड्याला तार बांधलेल्यांनाही हेच पातळ अन्न, सायीच्या दह्याइतकं दाट, जिभेनं चाटता येईल असं. मानेतून नळी घातली असेल तर अन्न चाळणीतून गाळून कोमट करायचं, आधी आणि नंतर १० मिली कोमट पाण्यानं नळी धुवायची, आणि दहा-पंधरा मिनिटं लावून हळूहळू सोडायचं. न धुतलेली नळी संध्याकाळपर्यंत तुंबते.

पावसाळ्यात

शिजवलेला भात बाहेर राहिला की तासा-दोन तासांत त्यात जंतू वाढतात. वीज गेली की फ्रिजवरही भरवसा नाही. म्हणून पावसात एका दिवसाचंच शिजवायचं. भांडं पाणी घातलेल्या ताटलीत ठेवलं की मुंग्या चढत नाहीत. कोरड्या दाण्यांचं पाकीट छोटं आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बुरशीचा वास आला किंवा दाणे मऊ पडले, तर टाकून द्या. त्या बुरशीतलं विष यकृतावर जातं.

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. नेहमीच्या खाण्यावर तिथूनच परतायचं: पहिले दोन दिवस पाव भाग जुनं खाणं, पुढचे दोन निम्मं, मग पाऊण, आठवड्यात पूर्ण. नसबंदी झालेल्यांची उष्मांकांची गरज २० ते ३० टक्क्यांनी उतरते, तेव्हा जुनं खाणं परत सुरू करताना माप आधीपेक्षा तेवढं लहान घ्या, आणि महिन्यानं त्याच काट्यावर पुन्हा वजन करा.